ठमक्याचं चौथं चाक

ही गोष्ट २०१७ सालची. मेट्रोच्या खांबांसाठी वर्धा रोड खणून ठेवलेला होता, आणि नागपुरात कोणीही कुठेही उशिरा पोचलं की त्या खांबांचं नाव सांगून मोकळं होत होतं. फेब्रुवारी संपत आलेला. शामला भोयर अंगणात उन्हाला पाठ करून संत्रं सोलत बसली होती, तेव्हा जितेंद्रचा फोन आला.

शामला एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत आली होती. त्रिमूर्तीनगरातल्या घराची मागची खोली तिची. तिथे तिचं टेबल, तिचे ब्रश, आणि रंगाच्या पाण्याचा वास. जितेंद्र म्हणजे धंतोलीतल्या मनोहररावांचा मुलगा. मनोहररावांनी शामलाचं पहिलं पुस्तक छापलं होतं. आता त्यांना ऐकू कमी यायचं, आणि प्रकाशनाचं सगळं मुलगाच बघायचा.

"ताई, खुशखबर आहे," जितेंद्र म्हणाला. "ठमक्याची फिल्म करून राहिलो आपण. पाच मिनिटांची. ॲनिमेशन. तान्ह्या पोळ्याले दाखवू."

ठमक्या हा शामलाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत आणतात, रांगेत उभे करतात, आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. ठमक्या तसाच एक लाकडी नंदी, पाठीवर लाल झूल, एक शिंग जरा आखूड. त्याची सहा पुस्तकं निघाली. नागपुरातल्या एका पिढीनं ती चावून चावून संपवली. हक्क प्रकाशनाचे, आणि शामलाचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात असायचं. पण लग्नाकार्यात कोणीतरी म्हणायचंच, "ह्याच त्या ठमक्याच्या बाई," आणि तेवढ्यावर तिचं जेवण गोड व्हायचं.

"कोण करणार फिल्म?" शामलानं विचारलं.

"भावना. भावना रामटेके. तुमचीच ना ती स्टुडंट?"

शामलाच्या हातातली फोड खाली पडली. तिनं ती उचलली, पुसली, आणि कोंबड्यांकडे भिरकावली.

"अच्छा," ती म्हणाली.

"आणि ताई, खरं सांगू का, नाराज होऊ नका. फिल्म जमली तर ठमक्याची नवीन तीन पुस्तकंही तिच्याच हातून करून घेऊ. दोन्हीकडे एकसारखं दिसलं पाहिजे ना. नाही जमली, तर तुम्ही आहातच."

तुम्ही आहातच. शामलानं तो शब्द दिवसभर चघळला. संध्याकाळी रुपराव वीज मंडळातल्या जुन्या मित्रांकडून परत आले, तर गॅसवर दूध उतू गेलेलं आणि बायको खिडकीशी.

"कोण मेलं वं?" रुपरावांनी विचारलं.

"कोणी नाही. ठमक्या चालला."

"कुठं चालला?"

"भावनाच्या घरी."

भावना पहिल्यांदा आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. शामला दर रविवारी गॅरेजात मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायची. भावनाचे वडील अंकुश हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. रात्रपाळी करून ते मोटारसायकलवर पोरीला घेऊन येत, आणि वर्ग सुटेपर्यंत निंबाखाली हेल्मेट डोक्याखाली घेऊन झोपून जात. पोरगी बोलायची कमी. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिनं कोंबडी काढली. चोचीपासून निघाली ती शेपटीपर्यंत, पेन्सिल न उचलता, एका रेघेत. कोंबडी अशी की आता दाणा टिपून मागे वळून बघेल.

बाकीची मुलं ओरडली. शामला वाकून बघत राहिली. तिला स्वतःला ती रेघ यायला दहा वर्षं लागली होती, आणि तीही रोज येत नसे.

"पेन्सिल उचलत जा मधेमधे," ती म्हणाली. "अशी सवय बरी नाही."

भावनानं मान हलवली आणि त्या दिवसापासून पेन्सिल उचलायला लागली. ताई म्हणतील ते ती ऐकायची. शामलाच्या वर्गाची रीतच तशी होती: आधी बाईंच्या चित्रावर पातळ कागद ठेवायचा आणि बाईंची रेघ जशीच्या तशी उतरवायची. आपलं डोकं चालवायचं नाही. बोट जरी वळलं तर पुन्हा. भावनानं ठमक्या असा इतक्यांदा उतरवला होता की डोळे मिटून काढायची.

पुढे ती चित्रकलेच्या कॉलेजात गेली, मग हैदराबादला ॲनिमेशनच्या स्टुडिओत, आणि तिथल्या रात्रंदिवसाला कंटाळून परत नागपुरात येऊन घरूनच काम करायला लागली. तिची छोटी छोटी चित्रं फोनवर फिरायची. भाजीवालीच्या टोपलीतून पळणारी वांगी. तारेवर झोका घेणारा कावळा. शामला ती रुपरावांच्या फोनवर बघायची. आपल्या फोनवरून बघितलं तर भावनाला कळेल, अशी तिची समजूत होती. बघून झालं की ती म्हणायची, "कम्प्युटर करते हो सगळं." आणि पुन्हा बघायची. कावळा झोक्यावरून उतरताना पंख जरासे उघडतो आणि मिटतो, तेवढा तुकडा तिनं किती वेळा मागे नेऊन बघितला असेल, तिचं तिलाच माहीत. तीस वर्षांत तिचा एकही पक्षी कागदावरून हलला नव्हता.

पेपरात भावनाचा फोटो आला तेव्हा तिनं पेपर शेंगा ठेवायला घेतला. तोच पेपर. दुसरे तीन पडले होते.

मार्चमध्ये भावना घरी आली. आल्या आल्या वाकून पाया पडली. हातात पेढे.

"ताई, मले तर विश्वासच बसून नाही राहिला," ती म्हणाली. "ठमक्या! माझ्या हातात!"

"बस," शामला म्हणाली. "हडकली किती."

"एक काम होतं ताई. मले ठमक्या चारही बाजूंनी लागते. समोरून, मागून, इकडून, तिकडून. तुमच्या सहाही पुस्तकांत मी पाहिलं, त्याची डावी बाजू कुठंच नाही."

शामलानं सहाही पुस्तकं मनात चाळली. खरंच नव्हती. पुस्तकातलं जनावर डावीकडून उजवीकडे जातं, कारण पुढचं पान तिकडे असतं. म्हणून ठमक्या तीस वर्षं उजवीकडेच निघालेला, आणि वाचणाऱ्यांना त्याची उजवी कूसच दिसलेली. दुसऱ्या बाजूला काय आहे हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"फिल्ममध्ये तो घरी परत येते ना शेवटी," भावना म्हणाली. "तेव्हा दुसरी बाजू दिसन. ती मी मनानं कशी काढू? तुम्हीच द्या काढून. तुम्ही द्याल तसंच्या तसं उतरवतो मी. एक रेघ इकडची तिकडं नाही करणार."

"माहीत आहे मले," शामला म्हणाली. "देतो काढून."

पोरगी गेल्यावर तिनं पेढ्याचा डबा तसाच रुपरावांपुढे सरकवला.

दोन दिवस ती बसलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, रुपराव घोरत असताना, तिनं कागद ताणून लावला. समोरून, मागून, उजवीकडून: तिन्ही ठमक्ये प्रामाणिक काढले. मग चौथा, डाव्या बाजूचा. झूल काढली, झुलीला कवड्या, शेपटीचा गोंडा. पुढचं चाक काढलं. मागच्या चाकाशी आली आणि हात थांबला.

तिला लहानपणचा, गल्लीतला धोंडबा आठवला. मूर्ती-खेळणी करणाऱ्यांच्या चितार ओळीतून त्याच्या बापानं स्वस्तातला नंदी आणला होता. सुताराच्या हातून एका चाकाचं भोक मधोमध पडलं नव्हतं, जरासं कडेला गेलेलं. तान्ह्या पोळ्याला सगळे नंदी सुरळीत चालले आणि धोंडब्याचा नंदी मागून उडत उडत आला, टुण टुण, उचकी लागल्यासारखा. पोट्टे हसून हसून लोळले. "उचक्या आला, उचक्या आला!" धोंडबा नंदी तिथेच टाकून घरी पळाला होता.

शामलानं कंपासानं गोल काढला. आसाची जागा दाखवणारा ठिपका मधोमध न देता कडेकडे सरकवला. फार नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा. बघणाऱ्याला दिसणार नाही. पण ते चाक फिरवणारीला दिसेल, आणि तेव्हा वेळ गेलेली असेल. भावना कम्प्युटरवर चित्राचे तुकडे सुटे करायची: शिंग वेगळं, कान वेगळा, चाक वेगळं, आणि चाक त्या ठिपक्याभोवती फिरवायची. ठिपका जिथे, तिथेच ती फिरवणार. ताईंची रेघ हलवायची तिची छातीच नव्हती.

शामलानं कागदावर शाई वाळू दिली. मग आंघोळ केली. सकाळी केली होती तरी.

मे महिन्यात, ऊन माणसाला भाजून काढत असताना, भावनाचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, ते मागचं चाक… ते तसंच आहे का?"

"कसं?"

"म्हणजे तो उडून राहिला ताई. प्रत्येक चकरीले. मी पुन्हा पुन्हा केलं. मले वाटलं माझंच काही चुकून राहिलं. लहानपणी एवढ्यांदा काढलेला ठमक्या, अन् मलेच चालवता येऊन नाही राहिला."

अजून वेळ होती. "अगं, ठिपका सरकला असेल, मधोमध घे" एवढं म्हटलं की झालं असतं. शामलाच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातला तो फोटो आला: भावना, मागे कम्प्युटर, आणि खाली जाड अक्षरात नाव. जाड अक्षरात.

"मी काढलं तसंच आहे," ती म्हणाली.

पलीकडे माऊसची टकटक दोनदा ऐकू आली. मग भावना एकदम हसली. "असं का! मुद्दाम आहे ते! अवो बाप्पा, अन् मी त्याले सरळ करत बसली! ठीक आहे ताई, ठीक आहे. आता समजलं मले."

काय समजलं ते शामलानं विचारलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी महालात मारबतीची, रोगराई घेऊन जाणाऱ्या त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली, आणि गर्दीमुळे निम्म्या बसेस वळवल्या होत्या. संध्याकाळी प्रतापनगरच्या समाजभवनात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. पोट्टे वेश करून, नंदी घेऊन आले होते. कोणी राम, कोणी शिवाजी, एक पोलीस, एक नुसताच मिशा काढलेला. नंदी भिंतीशी ओळीनं लावून पोट्ट्यांना खाली सतरंजीवर बसवलं. जितेंद्रनं मनोहररावांना हाताला धरून पहिल्या खुर्चीवर आणलं. शामला दुसऱ्या ओळीत, शेजारी रुपराव. भावना मागे दाराजवळ उभी, बोटं तोंडात.

दिवे गेले. पडद्यावर ठमक्या आला. तिचाच ठमक्या, तीच लाल झूल, तेच आखूड शिंग. एका पोरानं दोरी ओढली.

टुण.

ठमक्या उडाला. झूल वर गेली आणि मागून खाली आली. पोट्टे हसले. शामलानं पदराचं टोक मुठीत धरलं. आलं, तिला वाटलं. आता सुरू होणार. उचक्या आला, उचक्या आला. तिच्या अंगावरून सुखाची एक शिरशिरी गेली. ती खोटं कशाला बोलायची, सुखाचीच होती.

टुण. टुण. ठमक्या रांगेत निघाला, इतर नंदी सुतासारखे सरळ आणि हा मधूनच वर, जणू त्याला प्रत्येक घराच्या कुंपणापलीकडे काय शिजतंय ते बघायचं होतं. उडी झाली की मान जराशी उशिरा यायची, गळ्यातली घंटी त्याहून उशिरा, आणि मग तो इकडेतिकडे बघायचा, कोणी पाहिलं तर नाही ना. पोट्टे हसत होते. पण ते हसणं धोंडब्याला हसले तसलं नव्हतं. शामला कान देऊन ऐकत राहिली. चुकीचं हसणं होतं ते. ते त्याच्या बाजूनं हसत होते.

शेवटी ठमक्या घरी परतताना डावी बाजू दिसली, ते वेडंवाकडं फिरणारं चाक दिसलं, आणि दोन-तीन पोरं सतरंजीवर उभी राहून त्याच्याबरोबर उड्या मारायला लागली. दिवे लागले तेव्हा भिंतीशी लावलेले नंदी उचलून सगळे पोट्टे हॉलभर ते उडवत होते. एकाचाही नंदी सरळ चालत नव्हता.

"बाप्पा!" रुपराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे कम्प्युटरनं केलं म्हणते तू?"

जितेंद्रनं भावनाला स्टेजवर ओढलं. माईक तिच्या हातात दिला. "ही चाल कशी सुचली तुम्हाला? सांगा सगळ्यांना."

भावना लाजली. मग म्हणाली, "माझी नाही ती. ताईंची आहे. शामलाताईंनी मले जो कागद दिला, त्याच्यात चाकाचं भोक कडेले होतं. मी तर त्याले सरळ करायले निघाली होती. ताई म्हणल्या, मी काढलं तसंच ठेव, म्हणून मी त्याले पहिल्यापासूनच तसा चालवला. मी एकटी असती तर साधी गाडी चालवली असती. हे सगळं ताईंचं आहे."

टाळ्या. माना वळल्या. मनोहररावांना काही ऐकू आलं नव्हतं, तेही टाळ्या वाजवत होते. जितेंद्र माईक घेऊन दुसऱ्या ओळीपर्यंत आला.

"ताई, खरं का?"

एवढ्या माणसांत, एवढ्या उजेडात. शामलानं माईक धरला.

"हो," ती म्हणाली. "ती कल्पना माझी."

घरी जाताना रिक्षात रुपराव म्हणाले, "मले कधी बोलली नाही." ती रिक्षावाल्याला वळण सांगायला लागली. दोनच दिवसांत जितेंद्रचा फोन आला: तिन्ही नवीन पुस्तकं ताईंनीच काढायची. ठमक्याची उडी ज्यांच्या डोक्यातून निघाली, पुस्तकंही त्यांचीच.

जे हवं होतं ते मिळालं. तिनं नवे कागद आणले, नवा ब्रश काढला, आणि पहिल्या पानावर ठमक्या उडवायला बसली.

तो उडेना.

तिनं त्याला जमिनीवरून वर काढला, तर तो टांगल्यासारखा दिसला. चाकांखाली वाऱ्याच्या रेघा मारल्या, तर वाटलं थंडी वाजून आली. मान मागे टाकली, तर आजारी. उत्साहानं काढलेली तीन चित्रं तिनं रविवारी वर्गात भिंतीला लावली. वर्गात खुशी नावाची एक फटकळ पोरगी होती. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हा पडून राहिला का ताई?"

"उडून राहिला वं."

"नाही. हा पडून राहिला. फिल्मवाला उडते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं करूनही दाखवलं, टुण, मान मागून. मुलाला येत होतं, हिला येत नव्हतं. शामलानं चित्रं उतरवली. त्या रात्री तिच्या मनात एकच होतं: ती उडी चाकातून आलेली नाही. चाकानं नुसता धक्का दिला. मान किती उशिरा येते, घंटी किती, नंदी इकडेतिकडे कधी बघतो, ते दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. आणि तो हात तिच्या वर्गात कोंबडी काढत होता तेव्हाही तिथेच होता.

ऑक्टोबरात ती जयताळ्याला भावनाच्या घरी गेली. अंकुश आता रात्रपाळी करत नव्हते. दारात खुर्ची टाकून बसलेले. "या ताई, या! पोरीनं सांगतलं नाही तुम्ही येणार म्हणून." त्यांनी स्वतः आत जाऊन चहा टाकला.

भावनाची खोली पुढचीच. एक टेबल, एक कम्प्युटर, भिंतीवर शामलाचा तो चार बाजूंचा कागद, फ्रेम करून लावलेला. शामलानं त्याच्याकडे पाठ करून खुर्ची घेतली.

"उडी कागदावर बसत नाही," ती म्हणाली. तीस वर्षांत तिनं कोणाला असं काही विचारलं नव्हतं.

"पहा ना ताई," भावना लगेच सरसावली. पडद्यावर ठमक्या एकेक चित्र करून पुढे सरकायला लागला. "अंग आधी वर जाते. मान अजून खालीच आहे, दिसलं? तिले माहीतच नाही अजून. मग मान येते. तोवर अंग खाली निघालं. अन् घंटी तर दोघांच्याही मागून. तुम्ही सगळं एकदमच वर नेऊन राहिल्या असान."

शामला बघत राहिली. खरंच, एवढंच. आणि हे एवढंच तिला कोणी सांगितलं नसतं तर सात जन्मांत सुचलं नसतं.

"हे खालचे कोणते?" तिनं विचारलं. पडद्याच्या कोपऱ्यात आणखी बरेच ठमक्ये होते, सगळे वाकडे.

"ते माझे रडायचे दिवस," भावना हसली. "तुम्हाले फोन करायच्या आधीचे. जेवण जाईना. मी बाबांना म्हटलं होतं, मले जमत नाही, मी हैदराबादले परत जातो. मग तुम्ही म्हटलं ना, मी काढलं तसंच आहे. त्या दिवशी पोटभर जेवली. ताई, तुम्ही नसत्या तर मी कुठं असती?"

तिचे डोळे भरून आले होते. ती खरंच तसं समजत होती. शामलाला ते सोसेना. पोरगी आपल्याहून मोठी झाली, हे तिनं कसंतरी गिळलं होतं. पण मोठी होऊन वर पायाही पडते, हे गिळता येईना. तिला तिथून खाली उतरवायचं होतं. आपल्या शेजारी आणून बसवायचं होतं, चिखलात.

"ते चाक मी मुद्दाम बिघडवलं होतं," ती म्हणाली.

"हो ना, तेच तर—"

"तुझी फिल्म पडावी म्हणून. लोकांनी हसावं म्हणून. पुस्तकं माझ्याकडे राहावी म्हणून."

आत अंकुश कपबश्या धूत होते, तेवढाच आवाज. भावनानं आधी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, मग शामलाकडे. रडली नाही. ओरडली नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. हिशेब लागत गेल्यासारखं.

"म्हणजे ते उडणं माझंच होतं," ती म्हणाली. "चाक बिघडलेलं होतं, अन् त्याचं मी ते केलं. सगळं माझं. अन् मी स्टेजवर, सगळ्यांसमोर, तुम्हाले देऊन टाकलं."

शामला पडद्यावरच्या वाकड्या ठमक्यांकडे बघत होती.

"अन् तुम्ही घेतलं."

"हाव."

"परत द्या मले."

"कसं देऊ?"

"लावा फोन जितेंद्रसरांना. आत्ता. माझ्यासमोर."

शामलानं फोन लावला. भावनानं बोट पुढे करून आवाज मोठा केला.

"जितेंद्र, ती उडी माझी नाही रे. भावनाची आहे. मी चाक वाईट मनानं चुकीचं काढलं होतं, तिची फिल्म बिघडावी म्हणून. तिनं त्याची उडी केली. पुस्तकं तिलाच दे."

पलीकडे जितेंद्र मनापासून हसला. "ताई, तुम्ही म्हणजे ना! एवढा मोठेपणा कोणाकडे असते आजकाल? पोरीले पुढं करायसाठी स्वतःवर आळ घेऊन राहिल्या! बाबांना सांगतो मी, त्यांचे डोळे भरून येतील."

"अरे, खरं सांगते मी!"

"समजलं ताई, समजलं. तुमची इच्छा असन तर देतो भावनाले पुस्तकं. पण उडी तुमची, हे तर सगळ्या नागपूरले माहीत आहे. ते कसं पुसता येईन?"

फोन बंद झाला. भावना उठली. फ्रेम खिळ्यावरून काढली, उलटी करून शामलाच्या मांडीवर ठेवली.

"जा ताई आता."

अंकुश चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. "चाय तर घ्या," ते म्हणाले. दोघींपैकी कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ती तीन पुस्तकं भावनानंच काढली. चांगली निघाली, ठमक्या पानापानावर उडाला. पण जितेंद्रनं प्रत्येकाच्या पहिल्या पानावर छापलं: "ठमक्याच्या उडीची मूळ कल्पना – शामला भोयर." चांगल्या मोठ्या अक्षरात. भावनानं ते काढायला सांगितलं तर तो म्हणाला, "ताईंनी तुझ्यासाठी एवढं केलं, अन् तू त्यांचं नाव काढते?" त्यानंतर तिनं त्या प्रकाशनासाठी काही काढलं नाही.

मनोहरराव कोरोनाच्या पहिल्या वर्षात गेले. ठमक्याच्या बाईंचं मन किती मोठं, ही गोष्ट ते शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. जितेंद्रनं धंतोलीची जागा भाड्यानं दिली. आता तो शाळांसाठी गाइडं छापतो. अंकुश निवृत्त झाले. बाजारात शामला दिसली की लांबूनच हात जोडतात, जवळ येत नाहीत. काय झालं ते मुलीनं त्यांना सांगितलेलं नाही, पण तिच्याकडे बघून त्यांना कळतं. खुशी बारावीत आहे आणि तिला चित्रकलेत काडीचाही रस नाही.

शामलाचा रविवारचा वर्ग अजून चालतो. आई-बाप नवी मुलं घेऊन येतात, उडीचं कौतुक करतात. ती म्हणते, "माझी नाही, माझ्या एका विद्यार्थिनीची," आणि ते एकमेकांकडे बघून माना डोलावतात. पातळ कागदावर आपली रेघ उतरवायला लावणं मात्र तिनं बंद केलं आहे. कोंबडी काढा म्हणते, आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.

भावना पुण्याला असते. तिनं पुन्हा कधी फोन केला नाही. दोन वर्षांपूर्वी तिची वीस मिनिटांची फिल्म आली: हिंगण्याच्या कंपनीच्या बसमध्ये पहाटे झोपलेली माणसं, आणि खिडकीबाहेर त्यांची स्वप्नं बसच्या बरोबरीनं पळताहेत. शामलानं ती रुपरावांच्या फोनवर बघितली. पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत तिच्यात शामलाचं काही नव्हतं. एकही रेघ नाही, एकही खोड नाही. तिनं चूक शोधायला ती पुन्हा लावली, आणि शोधायचं विसरून पुन्हा पूर्ण बघितली.

रुपरावांनी ताटं वाढली होती.

"मी नाही जेवत," ती म्हणाली.

"अजून जळून राहिली का वं तू?" त्यांनी विचारलं. "एवढी वर्षं झाली."

"हाव," शामला म्हणाली, आणि फोन त्यांच्याकडे न देता तिसऱ्यांदा लावला.